पोदेराची वाट

डिचोलीहून हरमल म्हणजे गोव्यातल्या गोव्यात, काही परमुलूख नव्हे. तरी सुविधाने सामान बांधलं ते महिनाभराच्या मुक्कामासारखं. लेकीची, शीतलची निळी चादर, तिची उशी, कान तुटलेला स्टीलचा पेला आणि घरी सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडून घेतलेल्या सहा पोया, म्हणजे कोंड्याचे गोल पाव. नऊ वर्षांची शीतल बोलत नसे. चहात बुडवलेली पोयी हेच तिचं सकाळ-संध्याकाळचं खाणं. घरात खुर्ची जरा हलली तरी ती कान झाकून किंचाळायची. म्हणून ही माणसं कधी कुठे गेलीच नव्हती. पण तिच्या धाकट्या भावाने, सहा वर्षांच्या देवेशने अजून समुद्र पाहिला नव्हता, आणि सुविधाच्या नवऱ्याने, निखिलने वीजखात्यातून तीन दिवसांची रजा घेतली होती.

खोली घरमालकीण सरस्वतीबाईंच्या घरामागे होती, स्वच्छ आणि हवेशीर. अंधार पडल्यावर ते पोचले, आणि शीतल आत गेली ती थेट कपाटाच्या फटीत जाऊन बसली. सुविधाने निळी चादर अंथरली, उशी ठेवली, पेल्यात चहा ओतला. काही उपयोग झाला नाही. पिशवी उघडली तर पोयांना मुंग्या लागलेल्या. दुसरा दिवस उजाडला तरी पोरीच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"घरी जाऊया का?" निखिलने विचारलं. देवेश पोहण्याची चड्डी घालून दारात उभा होता.

तेवढ्यात बाहेर सायकलचा भोंगा वाजला. पों पों. घरी पोदेराचा वाजतो तसाच.

शीतलने कानांवरचे हात काढले. उठली, अनवाणीच अंगणात गेली आणि पायरीवर बसली. सरस्वतीबाई तिथेच पाव घेत होत्या. काय झालंय ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "दोन पोयो दी रे हिका," म्हणाल्या. शीतलने अख्खी पोयी चहात बुडवून खाल्ली. सुविधाने तोंड फिरवून डोळे पुसले.

"चला, आता समुद्रावर!" निखिल हरखून म्हणाला.

वळणापर्यंत शीतल आली. तिथून पुढे ती रस्त्यातच आडवी झाली आणि ओरडायला लागली. दोन स्कूटरी थांबल्या. एकाने मोबाईल वर धरला. निखिलने "बंद कर ते!" म्हणून आवाज चढवला, आणि सुविधाने पोरीला कसंबसं उचलून परत पायरीवर आणलं. तिथे बसताच ती गप्प झाली. फाटकाकडे बघत राहिली.

"पोदेराची वाट बघता ती," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तो आता सांजेक येतलो."

सांज व्हायला आठ तास होते. बापलेक समुद्रावर गेले. दुपारी दोघे परत आले. निखिल म्हणाला, "तू जा. मी बसतो हिच्यापाशी." सुविधा उठली तशी शीतलने तिचं मनगट धरलं. नखं रुतली. सुविधा खाली बसली. सरस्वतीबाईंनी बसून बघितलं, तरीही तेच. समुद्र दोनशे पावलांवर होता. लाटांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

संध्याकाळी पोदेर आला. शीतलने खाल्लं. तो निघाला तशी ती घशातून रडका सूर काढू लागली. निखिल त्याच्या मागे धावला.

"बाबा, आणखी एकदा वाजव रे. जरा थांब."

पोदेराने दोनदा वाजवला, तिसऱ्यांदाही वाजवला. मग ओशाळून म्हणाला, "दादा, मला अजून घरोघरी सगळा वाडा फिरायचा आहे." निखिल रस्त्यावर तसाच उभा राहिला.

रात्री त्यांनी ठरवलं, सकाळचा पोदेर येऊन गेला की निघायचं.

"आई, तू एकदाही आली नाहीस," देवेश म्हणाला. रागाने नव्हे, सांगितल्यासारखं.

"पुढच्या वेळी येईन हं," ती म्हणाली. पुढची वेळ म्हणजे कधी, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय सांगणार होती?

सकाळी निखिलने गाडी मुद्दाम किनाऱ्याच्या रस्त्याने घेतली. माडांमधून पाणी दिसलं तिथे थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. शीतल मागच्या सीटवर हातात उरलेली पोयी धरून डुलत होती. सुविधाने काच खाली केली. वारा आत आला तशी शीतल कण्हली.

"दिसला?" निखिलने विचारलं.

"दिसला. चल आता," सुविधा म्हणाली आणि काच वर केली.