रडणाऱ्या कवटीचं बूच

गोदामाबाहेरची रांग पार कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. आत मखमलीवर एक तपकिरी कवटी ठेवलेली. एक महाराज मेणबत्ती तिच्या डोळ्यांशी नेत, काहीतरी पुटपुटत, आणि कवटीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळे. ते बाटलीत भरून न्यायला ही झुंबड.

"वीस लाख वर्षांपूर्वीचा आदिपुरुष आहे हा!" महाराज गरजले. "तुमची दुखणी बघून रडतोय. गोळ्या बंद करा, याचे अश्रू घ्या!"

वीस लाख वर्षं गप्प बसला आणि नेमका आमच्या गल्लीत येऊन रडला! मला हसू आलं असतं. पण रांगेत माझी बहीण होती, भाचीला कडेवर घेऊन. भाचीला फिट्स येतात. तिच्या गोळ्या माझ्याच औषधांच्या दुकानातून जातात, आणि या महिन्यात बहीण फिरकलीच नव्हती.

"ताई, गोळ्या?"

"दोन दिवस झाले, बंद केल्यात." तिनं नजर चुकवली. "बघ, काही झालंय का तिला?"

या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर जिवावर बेततं.

आमची मावशी माझ्यासोबत होती. तिनं तीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. ती कवटीकडे टक लावून बघत होती.

"याला रडायला मेणबत्ती कशाला लागते रे?" असं म्हणत ती थेट पुढे गेली. "महाराज, जरा उलटी करा बघू."

"उलटी? प्रकोप होईल!"

"दर शनिवारी उलटी करून पुसायचे मी. काही झालं नाही."

तिनं कवटी उचललीच. खाली लाल रंगात, तिच्याच अक्षरात लिहिलेलं: कपाट तीन, नमुना सात. शाळा बंद पडली तेव्हा भंगारात गेलेला, आदिमानवाच्या कवटीचा प्लास्टरचा नमुना! शेजारच्या भोकात बूच. ते उपटल्यावर आतून पाण्याची पिशवी निघाली. तिच्या दोन बारीक नळ्या डोळ्यांपर्यंत गेलेल्या, नळ्यांच्या टोकांना मेण लावलेलं. मेणबत्तीनं मेण वितळलं की अश्रू सुरू.

महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण तिथं न्हावी उभा होता.

"हे भोक नीट बघा," मावशी लोकांना म्हणाली. "इथं पाठीचा कणा जोडलेला असतो. चार पायांवर चालणाऱ्यांचं भोक मागच्या बाजूला असतं, याचं खाली आहे. म्हणजे हा ताठ चालायचा. आणि मेंदूची जागा? एवढीशी! खऱ्या कवट्या दगड झाल्यात, त्या रडत नाहीत. पण एवढं सगळं सांगतात."

बहिणीनं बाटली गटारात ओतली. आम्ही तिथूनच डॉक्टरांकडे गेलो.

माणूस आधी दोन पायांवर उभा राहिला, मेंदू त्याच्या कितीतरी नंतर वाढला. रांगेत उभं राहणं आपल्याला लाखो वर्षांपासून जमतंय. आता नंतर मिळालेलं डोकंही वापरा.