गटारातली पट्टी

एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात सांगलीत तीन पोरं लुळी पडली. साताऱ्याहून चौकशीला आलेल्या सरकारी डॉक्टरांनी मदतीला हरिबाला घेतलं. हरिबा जतकडचा धनगर. लढाईत ब्रह्मदेशात जखमींच्या तळावर चार वर्षं राबून परतला, तोवर बायको पटकीनं गेली होती आणि मेंढरं भावांनी वाटून घेतली होती. त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

काम सोपं होतं. सोमवारी पट्टीच्या कापडाची जाड घडी दोरीला बांधून गटारात सोडायची. बुधवारी ती काढून बाटलीत भरायची आणि बर्फाच्या पेटीतून मिरज स्टेशनला पोचवायची. मुंबईत तिचं पाणी गाळून माकडांना टोचत.

"एक पोर लुळं पडतं, तेव्हा शंभर पोरांच्या पोटात तो रोग असतो," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना कळतही नाही. पण तो संडासावाटे गटारात उतरतो. माकड लुळं पडलं, की समजायचं, त्या गल्लीत रोग फिरतोय."

हरिबा राहायचा त्याच गल्लीत एक पट्टी असे. गटारात हात घालतो म्हणून दोन आठवड्यांत हॉटेलवाल्यानं त्याची कपबशी वेगळी काढली. मग हरिबानं चहाच सोडला. आठवडाभरात कुणाशी बोलणं व्हायचं ते मिरजेच्या पार्सल बाबूशी. "आली पेटी?" "आली जी." तेवढंच. पण ते ऐकायला तो गाडीच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचा.

आषाढात डॉक्टरांचं पत्र आलं. माकड लुळं पडलं होतं, आणि पट्टी हरिबाच्याच गल्लीतली होती.

तो आधी घरमालकाकडं गेला. लालासाहेब फौजेतले निवृत्त सुभेदार.

"आवं सुभेदार, पोरास्नी गटाराकडंला बसवू नगा. पाणी उकळून द्या. आन् ताप आला तर पोराला निजवूनच ठेवा, अजिबात पळू देऊ नगा. त्या तापात दमलेलं पोरच लुळं पडतं, असं डॉक्टर म्हंत्यात."

"गल्लीत कोण आजारी हाय?"

"आज कुणीच न्हाई."

"मग रोग आला कुठनं? तुज्या बाटलीतनं?" सुभेदारांचा आवाज चढला. "बाटल्या आन् बिऱ्हाड उचल, गड्या. आजच्या आज."

हरिबानं तरीही घरोघर जाऊन तेच सांगितलं. बहुतेक दारं वाक्य पुरं व्हायच्या आत लागली. संध्याकाळी त्यानं वळकटी सायकलला बांधली आणि नदीकाठच्या एका पडक्या वखारीत बिऱ्हाड मांडलं. तिथं बोलायला चिटपाखरूही नव्हतं. कधीकधी तो उगाच मोठ्यानं खाकरायचा, आपला आवाज आहे की गेला ते बघायला.

पट्ट्या मात्र चुकल्या नाहीत. गल्लीतले लोक बघून न बघितल्यासारखं करत.

श्रावणातल्या एका बुधवारी तो दोरी ओढत असताना सुभेदारांची सून बनुबाई जवळ येऊन उभी राहिली.

"माज्या पोराला, नानासोला, ताप आलता," ती हळूच म्हणाली. "मामंजी म्हनले, तालमीत धाडा, घाम आला की उतरंल. मी न्हाई धाडला. आठ दीस निजवला. लय बोलनी खाल्ली."

हरिबाच्या हातातली दोरी थांबली. "आन् पाय?"

"डावा जरा वढतोय. पर चालतोय. मागल्या आळीतलं पोर तापात पोहाय गेलं हुतं. त्ये उठतच न्हाई."

त्या आळीत हरिबाची पट्टी नव्हती. पट्टी सोडायला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला दगड मारून हाकललं होतं, आणि तो परत गेला नव्हता.

"अजून हाय का हितं?" तिनं गटाराकडं बोट केलं.

"तीन-चार हप्त्यांनी कळंल, ताई."

"कळलं की मला सांगा. दारात या. मी हाय." पदर सावरून ती घरात गेली.

हरिबानं बाटलीला बूच घट्ट बसवलं आणि पेटी सायकलवर बांधली. मिरजेची गाडी गाठायची होती, पण तो आधी मागल्या आळीकडं वळला. आळीच्या तोंडाशी उतरून त्यानं नवी पट्टी काढली आणि दोरीला गाठ मारायला घेतली. चार दारांतून माणसं बाहेर आली. या खेपेला तो मागं फिरला नाही; मान वर न करता गाठ आवळत राहिला.