नळावरची नऊ मिनिटं

दीनानाथांनी घरच्या बीअरचा नळ उघडला आणि मल्हारच्या स्टीलच्या थर्मासमध्ये फेस पडला. नुसता फेस. पांढरा, घट्ट, दाढीच्या साबणासारखा.

"बसेल," दीनानाथ म्हणाले. "वेळ लागतो त्याला. तूही बस."

मल्हारनं आधी खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बाहेर त्याची गाडी दुसऱ्याच्या गाडीला समांतर उभी होती, आत बायको, वैभवी, आणि इंजिन चालू. जर्मनीत इंजिन चालू ठेवून उभं राहणं नियमात बसत नाही, आणि बॉनच्या त्या गल्लीत हे कळवायला पडद्याआड दोन निवृत्त माणसं कायम हजर असत. तरी तो बसला. खुर्चीच्या कडेवर, पुढच्या स्टॉपला उतरायचं असलेला माणूस बसतो तसा.

"वैभवीला बोलव की आत."

"नको काका, एका बर्थडेला जायचंय. जर्मन घर आहे, तिथे पाच म्हणजे पाच."

"कुणाचा?"

"कलीगच्या मुलीचा."

"किती वर्षांची झाली?"

मल्हारनं फोन काढून पाहिलं. "चार," तो म्हणाला, आणि फोन आता काढलाच आहे म्हणून त्यातच राहिला.

दीनानाथांनी पुन्हा नळ सोडला. पुन्हा फेस.

"काका, बाटल्या बऱ्या होत्या हो. रिकामी दिली, भरलेली घेतली, दोन मिनिटांत माणूस मोकळा."

"बाटलीत हवा जाते. चव बिघडते," दीनानाथ म्हणाले. बाटल्या बंद करून ते केगवर का आले, याचं हे कारण ते सगळ्यांना सांगत. केग म्हणजे एकोणीस लिटरची स्टीलची टाकी. शेजारी गॅसचा सिलिंडर, त्यावर दाब दाखवणारा काटा, आणि टाकीतली बीअर थेट नळाला. हे सगळं त्यांनी बायकोच्या, नंदिनीच्या, जुन्या फ्रिजमध्ये बसवलं होतं. नळ फ्रिजच्या दारातून बाहेर काढलेला. ज्या जागी ती वाणसामानाच्या याद्या लावायची, बरोबर तिथून.

मल्हार एकदम उभा राहिला. त्याला काहीतरी सुचलं होतं, आणि ते परोपकारी होतं.

"असं करूया ना काका. पुढच्या शनिवारी मी थर्मास सकाळीच बाहेर शू-रॅकवर ठेवून जातो. तुम्ही भरा सावकाश, फेस-बिस बसू दे. संध्याकाळी मी बाहेरूनच उचलीन. तुम्हाला दार उघडायचाही त्रास नको."

"त्रास कसला त्यात?"

"नाही हो, तुमच्या पायाचंही आहेच. मी ग्रुपवर टाकतो, सगळ्यांचीच सोय होईल."

आणि त्यानं ते जिना उतरता उतरता टाकलंसुद्धा. दीनानाथांच्या खिशातला फोन आधी एकदा वाजला आणि मग, अंगठे येऊ लागले तसा, बराच वेळ वाजत राहिला.

पायाचं झालं ते फेब्रुवारीत. बाटल्यांचा क्रेट घेऊन तळघराचा जिना चढताना ते घसरले, तो गुरुवार होता, दुपारचे दोन. सापडले शुक्रवारी सकाळी सव्वादहाला. तेही हीटिंगचे मीटर वाचायला आलेल्या माणसाला तळघराच्या खिडकीतून हाक ऐकू आली म्हणून. त्यानं आधी अँब्युलन्स बोलावली आणि मग, आलोच आहोत तर, मीटरही वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. अपूर्वा आखनला एका संस्थेत होती, नळ्यांमधून वाहणाऱ्या द्रवांवर डॉक्टरेट करून तिथेच चिकटलेली. लहानपणापासून ती मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. वाईट बातमीसाठी मात्र मराठी राखून ठेवलेली. हॉस्पिटलात ती मराठी बोलली. आखनमध्ये तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एकट्या म्हाताऱ्यांसाठी एक इमारत होती. दीड खोली, भिंतीला दोरी. दोरी ओढली की पाच मिनिटांत माणूस येतो. जूनअखेर एक जागा रिकामी होत होती.

ती कशी रिकामी होत होती, हे दीनानाथांनी विचारलं नाही.

"शनिवारी पडलो असतो तर लगेच कळलं असतं," ते म्हणाले. "शनिवारी लोक येतात माझ्याकडे."

"लोक बाटल्यांकडे येतात, बाबा."

ते खरं होतं. नंदिनी होती तेव्हा शनिवारी घर भरलेलं असायचं. लोक कांदाभज्यांसाठी येत, तिच्याशी बोलायला थांबत आणि जाताना नवऱ्याचं मन राखायला त्याची बीअर नेत. ती गेल्यावर भजी गेली, बोलणं गेलं, बाटल्या राहिल्या. मंडळी दारातच रिकामी देऊन भरलेली घेऊ लागली, दूधवाल्याकडे जावं तशी. टेलिकॉम कंपनीत एकतीस वर्षं बिघाड शोधण्यात घालवलेल्या माणसानं हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या हाही बिघाड शोधून काढला. दोष बाटलीत होता. बाटली माणसाला निघू देते. टाकी कुठे जात नाही; प्यायची तर माणसाला टाकीपाशी बसावं लागेल.

"जूनअखेरपर्यंत थांब," त्यांनी अपूर्वाला सांगितलं. "लोक येऊन बसले, तर हा विषय बंद. नाही बसले, तर करतो सही."

एप्रिलमध्ये केग बसला. पहिल्याच शनिवारी मल्हार थर्मास घेऊन आला, ग्रुपवरची साधना लोणच्याची बरणी घेऊन. दीनानाथ नुसते पाहत राहिले. जी माणसं चक्क्याला घरून डबा नेतात आणि लग्नातून मसालेभात भरून आणतात, त्यांच्यातच जन्म काढून त्यांना हे आधी सुचलं नव्हतं. बीअर उत्तम वाहिली. चाळीस सेकंदांत थर्मास भरला, आणि मल्हार गेला.

दुसऱ्या शनिवारी सिलिंडर बदलताना चुकून दाब जास्त राहिला. नळातून फेसच येऊ लागला. साधनाला थांबावं लागलं. थांबायचंच म्हणून ती बसली, बसल्यावर गप्प राहता येईना म्हणून तिनं सासूबाईंच्या मोतीबिंदूचं सांगितलं. बरणी भरेपर्यंत नऊ मिनिटं झाली.

ती गेल्यावर दीनानाथांनी दाब खाली आणायला चावीला हात घातला, आणि तसाच मागे घेतला. पुढच्या शनिवारी त्यांनी ती आणखी थोडी वर फिरवली. सोळा वर्षं स्वच्छ बीअर करणाऱ्या माणसाला हे सोपं नव्हतं. खोटं बोलण्यापेक्षा वाईट बीअर देणं त्यांना जास्त लागलं.

अपूर्वा आली ती जूनच्या शेवटच्या शनिवारी, साडेतीनला. दाराबाहेर शू-रॅकवर मल्हारचा थर्मास होता, साधनाची बरणी होती, आणखी चार प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या. सगळ्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली.

"कोण आलंय?" तिनं विचारलं. ती दारातूनच मराठी बोलत होती.

"येऊन गेले," दीनानाथ म्हणाले.

ती आत आली. टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडलेल्या होत्या, भडंगाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तिनं खांद्यावरची बॅग उतरवली नाही.

"चार-वीसची गाडी आहे माझी."

"मग घे थोडी. नळावरची प्यायलीच नाहीस अजून."

तिनं ग्लास धरला. फेसच आला. तो तिनं पाहिला, मग फ्रिजचं दार उघडून आतला काटा पाहिला. अडीच बार. एकच्या खाली असायला हवा. हे कळायला डॉक्टरेट लागत नव्हती, पण ती होती.

"किती वेळ लागतो बसायला?"

"नऊ मिनिटं. थर्मास असेल तर चौदा."

उत्तर फार पटकन आलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. फ्रिज गुरगुरायला लागला होता. अपूर्वानं दार लावलं. बॅग उतरवून ती खुर्चीवर बसली आणि ग्लास मधोमध ठेवला.

"तेवढ्यात काय करतात लोक?"

"बोलतात."

"काय बोलतात?"

"साधनाच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं. डावा डोळा. उजवा राहिलाय." त्यांनी आणखी आठवून पाहिलं. "मल्हारच्या कलीगची मुलगी चार वर्षांची झाली."

अपूर्वा ग्लासाकडे पाहत होती.

"काढ कागद," दीनानाथ म्हणाले.

"फेस बसू दे ना, बाबा."

"तोवर होऊन जाईल."

आखनच्या जागेचे कागद नऊ पानी होते. तीन ठिकाणी सह्या. काही झाल्यास कुणाला कळवायचं, तिथे त्यांनी तिचं नाव घातलं आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, विचारलं. सातव्या पानावर छंदांची ओळ होती. तिथे पेन थांबलं.

"सिलिंडर चालतो का गं तिथे?"

"नाही."

त्यांनी 'वाचन' लिहिलं, आणि टोपण लावून पेन तिच्याकडे सरकवलं. अजून तीन मिनिटं शिल्लक होती. ती दोघांनी भडंग खात काढली.

मग ग्लासात तळाशी चार बोटं बीअर उरली, तांबूस, स्वच्छ. अपूर्वानं ती दोन घोटांत संपवली.

"छान झालीय," ती म्हणाली.

"दाब जास्त आहे जरा."

"हं."

"निघ तू. गाडी चुकेल."

ती उठली. फ्रिजपाशी गेली, दार उघडलं, आणि आता ही चावी खाली फिरवणार, असं दीनानाथांना वाटलं. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं त्यांना. नळातून एकदा नीट बीअर आलेली कुणीतरी पाहिली असती. पण तिनं काट्याकडे नुसतं पाहिलं, दार लावलं, ग्लास नळाखाली धरला आणि नळ पूर्ण सोडला. फेस काठावरून तिच्या मनगटावर ओघळला. तिनं ग्लास टेबलावर ठेवला, हात ओढणीला पुसला, आणि पुन्हा खाली बसली.