मूर्तीचा एक्स-रे

रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीत ती एकटीच काम करायची. वडील पुजारी. बारा वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या दिवसांत ते दवाखान्यात यायचं सोडून मूर्तीपुढे बसून राहिले. तेव्हा ती रागाच्या भरात म्हणाली होती, की तुमचा देव म्हणजे नुसतं लाकूड आहे. आई गेली आणि बापलेकीतलं बोलणं तुटलं. ती वेगळी राहू लागली. जेवायला बसली की रेडिओ लावायची, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

एका दुपारी रांगेत शेवटी वडील उभे दिसले. काखेत चादरीत गुंडाळलेली मूर्ती. तिच्यातून पिवळा भुसा गळत होता. कीड कुठवर गेलीय ते कळल्याशिवाय सुतार हात लावायला तयार नव्हता. वडिलांनी हे खाली बघत सांगितलं, परक्या माणसाला सांगावं तसं.

नियमात बसत नव्हतं. तरी तिने मूर्ती टेबलावर आडवी ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर पायापासून छातीपर्यंत बारीक बोगदे उमटले. जरा बरं सांगावं असं मनात आलं, पण तिने खरं तेच सांगितलं. "आतून पोखरलीय. निम्मीच उरलीय."

वडील पडद्याजवळ सरकले. "लाकूडच आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं गं."

"मग दवाखान्यात का नाही आलात?"

"तिथे मी नुसता बघत बसलो असतो. मूर्तीपुढे निदान काहीतरी मागत होतो."

एखाद्याचा एक्स-रे पडद्यावर उघडण्याआधी तीही कितीदा डोळे मिटायची. हे सांगावं असं वाटलं, पण ते राहूनच गेलं. तिने एक्स-रेची फिल्म छापली, तिच्यावर भक्कम भागाभोवती पेनाने खुणा केल्या आणि ती त्यांच्या हातात दिली. चहाला थांबा म्हणेपर्यंत ते जिना चढूनही गेले होते.

महिन्याभराने वडिलांचा सुताराकरवी निरोप आला, मूर्ती वाचली. ये, असं त्यात कुठे नव्हतं. तरी सुट्टीच्या दिवशी ती गेली. देवळात वडिलांशिवाय कुणी नव्हतं. ते प्रार्थना म्हणत होते. ती मागे बसली. शब्द तिला पाठ होते, पण म्हणावेसे वाटले नाहीत. निघताना त्यांनी पुन्हा कधी, असं विचारलं नाही.

"पुढच्या सुट्टीला येते, बाबा," तीच म्हणाली.