फुफ्फुसाच्या पेशी

अहवाल आला तेव्हा ह्येरिन पेशींना खाऊ घालत होती. कोरियातल्या डेजॉन शहराच्या त्या प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणत. एक दिवसाआड जुनं द्रावण काढायचं, नवं घालायचं. नाहीतर या बयांचा जीव गेलाच म्हणून समजा. त्यांच्यापायी चार वर्षं तिने चुसोकच्या सणाला घर पाहिलं नव्हतं. आई फोनवर म्हणायची, "एवढी सरबराई नवऱ्याची केली असतीस, तर आज नातवंडं खेळवली असती मी!"

विषाणू फुफ्फुसाच्या पेशीत कुठल्या दाराने शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपला संसार कसा थाटतो, हे तिने शोधून काढलं होतं. शोधनिबंध छापून आला की डॉक्टरेट. तीही फेब्रुवारीच्या आत, कारण पुढे विद्यापीठाची मुदतच संपत होती. शोधपत्रिकेने फक्त पेशी कुठल्या आहेत, याची तपासणी मागितली होती.

अहवालात लिहिलं होतं, या पेशी फुफ्फुसाच्या नाहीत. आतड्याच्या आहेत.

पेशी तिला ओक्जूताईने दिल्या होत्या, कुपीवर ताईच्याच अक्षरात 'फुफ्फुस' लिहिलेलं. ताई याच प्रयोगशाळेत शिकलेली, सहा वर्षांनी मोठी. थोरल्यांनी हातात दिलेली कुपी तपासायला पाठवायची म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडायचं. इथे कुणाची छाती होणार?

ओक्जूताई आता बुसानला शिकवत होती. ह्येरिनने फोन लावला.

"ताई, त्या पेशी..."

"तूही तपासल्यास?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"माझी पदवी झाल्यावर कळलं गं. ह्वांग सरांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, आता उकरून काढू नकोस."

रागाने ह्येरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं इतकी निगरगट्ट होतात तरी कशी!

दोघींचे मार्गदर्शक असलेल्या ह्वांग सरांनी अहवाल वाचला आणि चष्मा पुसला.

"जेवलीस का?"

"सर, चार वर्षं गेली माझी."

"नशीब म्हणायचं, दुसरं काय. आता नव्याने करायला वेळ नाही. पण रिकाम्या हाताने नाही पाठवणार तुला. मास्टर्सची पदवी मिळवून देतो. मी स्वतः खटपट करतो."

"मास्टर्स झालंय माझं, सर."

"हो का? कुणाकडे केलंस?"

"तुमच्याकडे."