मोरवेल आणि शेजारचा कडुनिंब

कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकला आणि इंदुताई हातातलं काम टाकून अंगणात आल्या. शेजारी, लक्ष्मीकांतांच्या परसातला कडुनिंब तोडायला माणूस चढला होता.

दोष तरी कुणाला द्यायचा? याच झाडावरून ताईंनी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे तोंडाचा पट्टा चालवला होता. पानं पडतात, निंबोळ्या सडतात, माश्या होतात. आता नव्या प्रांताची राजधानी भोपाळला ठरली, ग्वाल्हेरच्या कचेऱ्या तिकडे निघाल्या, तसं सरकारी नोकरीतल्या लक्ष्मीकांतांचं बिऱ्हाडही निघालं. जाता जाता ताईंचा जाच मिटवावा, असं त्या भल्या माणसाने ठरवलं आणि कालच येऊन तसं सांगितलं. ताई ‘बरं होईल’ म्हणून बसल्या. जन्मभर एकच सूर लावला, की ऐन वेळी तो बदलताना जीभ जड होते.

त्याच कडुनिंबाखाली, भिंतीच्या अलीकडे, ताईंची मोरवेल होती. महाबळेश्वरच्या गारव्यातली वेल ग्वाल्हेरच्या लूमध्ये, उन्हाळ्यातल्या त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, जगवायची म्हणजे खायचं काम नाही. आधीच्या दोन करपून गेल्या. ही तिसरी तगली. मुळांवर ताई ओलं गोणपाट घालत, पण खरी राखण झाडाच्या सावलीची. यंदा तिला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

कडाडून एक फांदी कोसळली. उन्हाची तिरीप थेट कळ्यांवर आली. ताई अनवाणीच धावल्या.

लक्ष्मीकांत ट्रंकांना दोर बांधत होते. दुपारपर्यंत सगळं साफ होईल, असं त्यांनी हसून सांगितलं. वर पुन्हा कुऱ्हाड वाजली.

“झाड राहू द्या, लक्ष्मीकांतराव.”

“पण ताई, तुम्हीच तर रोज परेशान होत होता ना?”

“उगाच बोलत होते. माझी वेल त्याच्याच जिवावर आहे.” ताईंनी कळ्यांकडे बोट दाखवलं. “आणि भांडायला तरी तुम्ही हवे होता.”

लक्ष्मीकांतांनी हाक मारून माणसाला खाली उतरवलं. त्यांच्या बायकोने, शामलाने, बांधलेलं गाठोडं सोडून जुनं लुगडं काढलं. दोघींनी ते वेलीवर ताणून बांधलं.

बिऱ्हाड गेलं आणि थोड्याच दिवसांत मोरवेल पांढरीशुभ्र फुलली. ताई अंगण झाडत होत्या. खराट्यापुढे पानांचा ढीग साचला, तशी सवयीने मान वर गेली.

“शामला, बघ गं तुझ्या झाडाचे प्रताप.”

पलीकडे दाराला कुलूप होतं. ताईंनी खराटा ठेवला आणि वेलीपाशी बसून त्या मनसोक्त रडल्या.