कडूबा सरांचं सातवं कोष्टक

शनिवारी दुपारी जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वारीच्या पोत्यांवर माणसं चढलेली, जिन्याच्या पायऱ्यांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, रिक्षावाले हॉर्न मारून मारून थकलेले. सगळ्यांच्या माना वर, धान्याच्या दुकानावरच्या आदिनाथच्या छापखान्याकडे. का, तर तिथं कडूबा सर बोलत होते. कडूबा सर म्हणजे आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. त्यांना जाऊन तेव्हा एकोणचाळीस दिवस झाले होते.

मी साधना. त्यांच्याच शेजारच्या वर्गावर एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आदिनाथकडची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासते, तांबडा पेन घेऊन. सरांनी लिहिलेल्या गणिताच्या पुस्तकाचं मुद्रित तपासायलाच मी आल्ते, पण मेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर जिवंत बाईला वाट कोण देतंय! कोपरं वापरत वर पोचले.

आत उदबत्तीचा धूर. संगणकाच्या पडद्याला झेंडूचा हार, बटणांवर हळदकुंकू. समोरच्या खुर्चीत तरंगानंद महाराज. चार वर्षांपूर्वी हे गृहस्थ आष्टीला व्होल्टेज स्टॅबिलायझर दुरुस्त करायचे. मग म्हणे एकदा झटका बसला आणि त्यांना परलोकाचं कनेक्शन मिळालं.

"आत्मा म्हणजे काय?" महाराज गरजले. "करंट! देह म्हणजे काय? बल्ब! बल्ब फुटला म्हणून करंट मरतो का?"

"न्हाई!" जिन्यापर्यंत सगळे ओरडले.

"मंग तो जातो कुठं? वायर दिसंल तिथं! सर जिंदगीभर या पुस्तकाला चिकटून बसले, मंग पुस्तकाच्या मशीनमधीच घुसले. बराबर का न्हाई?"

"मग मीटरमधे का नाही गेले? तो जास्त जवळ होता," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. एका बाईनं मला गप्प बसायची खूण केली.

तिच्याकडं बघितलं आणि मीही गप्प झाले, कारण तिच्या पलीकडं भिंतीला टेकून पुष्पाबाई बसल्या होत्या. सरांच्या पत्नी. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. शेजारी त्यांची मुलगी ज्योत्स्ना उभी होती. पोरीला पुण्यात एमएस्सीला जागा मिळालीय, सोमवारी हजर व्हायचं होतं.

आदिनाथनं मुद्रितांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "बाई, तुमीच बघा. पहिल्या मुद्रितात यातलं काईच नव्हतं. मी तर कानाला खडा लावलाय, रात्री इथं एकटा थांबत न्हाई."

मी चष्मा लावला. एकतिसावं पान, वर्गसमीकरणं. दोन समीकरणांच्या मधे छापलेलं: "% पुष्पानं चहा ठेवलाय, थंड होऊन राह्यला." अठ्ठावन्नावं पान, त्रिकोणमिती: "% ज्योत्स्ना झोपली. दिवा बंद करतो." पुढं एका प्रमेयाच्या पोटात: "% हे पोरांना समजंल का? परत लिहू."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. हे बोलणं सरांचंच होतं. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसून ते असंच अर्धं मनात, अर्धं मोठ्यानं बोलायचे. क्षणभर मला वाटलं, मागं वळले तर ते डबा उघडून बसलेले दिसतील. मी मागं बघितलं नाही.

एकशे बारावं पान. सातवं कोष्टक, संख्याशास्त्राचं, विद्यार्थ्यांची उंची आणि वजनं. खालून तिसऱ्या रांगेत, आकड्यांच्या ऐवजी: "% छातीत जळून राह्यलं, पुष्पाला". तिथं कागद संपला होता. वाक्य पानाच्या कडेवरून पुढं निघून गेलेलं.

सर हृदयविकारानं गेले होते.

"ते मला बोलवून राह्यले, ताई," पुष्पाबाई पुटपुटल्या. "ते तिथं जळून राह्यले अन् म्या इथं जेवू? तीन दिवस झाले, घास उतरत न्हाई."

"बघा, आता सगळ्यांसमोर इचारतो," महाराज उठले. त्यांनी आदिनाथला संगणकातली कुठलीतरी फाइल पुसायला सांगितली, विभूती फुंकली आणि हात वर केले. "सर, कोणत्या कोष्टकात अडकला तुमी? सांगा!" आदिनाथनं बटण दाबलं. पडद्यावर पान आलं: "पाहा कोष्टक ??". महाराजांनी डोळे मिटून दोन मिनिटं मंत्र म्हटला. परत बटण. "पाहा कोष्टक ७".

जिन्यावर हलकल्लोळ. बायकांनी हात जोडले, एक म्हातारा चक्क जमिनीवर पालथा पडला.

"हुकूम ऐका," महाराज म्हणाले. "बुधवारी अमावस्या. त्याच्या आत सरांच्या वह्या, पेन ड्राइव्ह, समदं शहागडला गोदेत सोडायचं. न्हाई तर ते जोडीदारीण घेऊन जातेल. पोरीनं सव्वा वर्ष उंबरा ओलांडायचा न्हाई. अन् सरांची अभ्यासाची खोली, तिथं आमचं तरंगपीठ बसंल."

म्हणजे मुलीचं शिक्षण गेलं, नवऱ्याची आयुष्यभराची मेहनत पाण्यात, आणि खोली महाराजांना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, मुद्रितं तपासणाऱ्या बाईला एक वाईट खोड असते, ती वाचलेलं परत वाचते. मी गठ्ठा पहिल्या पानापासून चाळला. सर जिथं जिथं बोलले होते, तिथं सुरुवातीला टक्क्याची खूण होती. प्रत्येक वेळी. एकही अपवाद नाही.

"महाराज, परलोकातून बोलताना आधी टक्का का लागतो?"

महाराज अडखळले नाहीत, तेवढं मान्य केलं पाहिजे. "दोन शून्यं अन् मधी रेघ! एक शून्य जन्म, एक शून्य मरण, अन् मधली रेघ म्हणजे आत्म्याचा रस्ता!"

"वा! आणि माझ्या घरी दह्याच्या डब्यावर आहे ती खूण कुणाच्या आत्म्याची?"

या वेळी दोघं-तिघं हसले. मी आदिनाथकडं वळले. तो माझा विद्यार्थी, सातवीत मी त्याचा कान धरलेला आहे. "खरं सांग. दुसरं मुद्रित काढायच्या आधी तू काय केलंस?"

"काई न्हाई बाई. सरांचा शेवटचा धडा राह्यला होता ना, शेकडेवारीचा, तो मी त्यांच्या वहीतून टाइप केला. पण वाक्यं गायब होऊ लागली. वीस लिहून टक्क्याची खूण केली की पुढचं समदं गिळलं जायचं. मी घाबरलो. मंग एकाला फोन केला, तो म्हणला, टक्क्याच्या आधी तिरपी रेघ टाक. मी संपूर्ण पुस्तकात एकदाच बदल करून टाकला, जल्दी व्हावं म्हणून."

"संपूर्ण पुस्तकात?" हे ज्योत्स्ना म्हणाली.

"हौ. का?"

ती पुढं आली. महाराजांनी हात आडवा केला. "मशीनला हात लावू नको, पोरी. आत्मा भडकंल."

"माझ्या बापाची फाइल आहे," ती म्हणाली. "एकोणचाळीस दिवस मला ती उघडवली न्हाई. आता मीच उघडते. सरका."

तिनं हार बाजूला काढला आणि सरांचा मूळ पेन ड्राइव्ह लावला. मी गर्दीकडं तोंड करून उभी राहिले. फळा नव्हता, पण सवय जात नाही.

"ऐका. गणित साध्या पद्धतीनं छापायला गेलं की अपूर्णांक घसरतात, कोष्टकं विस्कटतात. म्हणून सरांनी पन्नाशीत लाटेक नावाची प्रणाली शिकून घेतली. त्यात मजकूर आणि हुकूम दोन्ही टाइप करायचे, मग मशीन पान तयार करतं. ज्योत्स्ना, टक्क्याचं सांग."

"या प्रणालीत टक्क्याची खूण म्हणजे, इथून ओळीच्या शेवटापर्यंतचं छापू नको," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी केलेली नोंद. बाबा अशा नोंदी करायचे. पुस्तकात खरा टक्का लागला तर ते अक्षरात 'टक्के' लिहायचे. आदिनाथभाऊंनी खुणेआधी तिरपी रेघ टाकली. तसं केलं की ती साधी खूण होते, अन् मागचं समदं छापलं जातं. भाऊंचा धडा सुधारला. पण बाबांनी झाकून ठेवलेल्या नोंदी पण उघड्या पडल्या."

"करून दाखव," मी म्हणाले.

तिनं टाइप केलं: तरंगानंद महाराज % सपशेल खोटं बोलतात. बटण दाबलं. पानावर आलं, "तरंगानंद महाराज". तिरपी रेघ टाकून पुन्हा दाबलं. पूर्ण वाक्य, ठळक अक्षरात. दारातली पोरं टाळ्या पिटायला लागली.

"अन् ते कोष्टक सात?" मघाचा म्हातारा उठून बसला होता. "ते तर मंत्रानं आलं!"

ज्योत्स्नानं एक लहान फाइल पुसली. महाराजांनी आदिनाथला तीच पुसायला लावली होती. बटण दाबलं, दोन प्रश्नचिन्हं उमटली. मी महाराजांसारखे हात वर केले, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "दोडका, भेंडी, गवार, शेपू, अर्धा किलो वांगी." दुसरं बटण. "पाहा कोष्टक ७".

गर्दीत हसू फुटलं. ज्योत्स्नानं समजावलं की पहिल्या फेरीत मशीन कोणतं कोष्टक कितवं ते त्या बाजूच्या फाइलमधे टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत ते वाचून आकडा भरतं. आदिनाथ रोज दोनदा बटण दाबत होता, त्याला हे माहीत होतं. महाराजांनी एक दिवस त्याच्या मागं उभं राहून बघितलं, तेवढं त्यांना पुरलं. आदिनाथनं मान खाली घातली. "मला वाटलं बाई, काईतरी असंल बी. मुद्रित बघून माझी अक्कलच गुल झाल्ती."

पुष्पाबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या भिंत धरून उठल्या. "समदं खरं असंल, पोरी. पण ते मला काय म्हणून राह्यले? छातीत जळून राह्यलं, पुष्पाला... पुढं काय?"

महाराज लगेच म्हणाले, "पुष्पाला बोलवा! दुसरं काय असनार?"

ज्योत्स्ना आदिनाथनं बदललेल्या फाइलमधे सातव्या कोष्टकापाशी आली. "आई, कोष्टकाच्या रकान्याला रुंदी सांगितली न्हाई तर त्यातली ओळ मोडत न्हाई. सरळ कागदाच्या बाहेर जाते. वाक्य पुरं आहे, फक्त कागद अपुरा पडला." तिनं रुंदी टाकली. बटण दाबायला तिचं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं दाबलं.

छपाईयंत्रातून पान निघालं. वाक्य रकान्यात तीन ओळींमधे नीट बसलं होतं. ज्योत्स्नाला वाचता येईना, म्हणून मी वाचलं.

"छातीत जळून राह्यलं, पुष्पाला सांगायचं न्हाई, उगं घाबरंल. आम्लपित्त असंल. पुस्तक झालं की दवाखान्यात जाऊ. १९ जून."

सर चार जुलैला गेले. मधे पंधरा दिवस होते.

पुष्पाबाईंनी पान हातात घेतलं. बराच वेळ त्या एकाच ओळीवरून बोट फिरवत राहिल्या. मग जे रडू फुटलं त्यांना, ते ऐकून जिन्यावरच्या बायकाही पदर डोळ्यांना लावायला लागल्या. "अवो, सांगायचं न्हाई म्हणं! म्या घाबरले असते, मंग काय झालं असतं? घाबरत घाबरत न्हेलं असतं की दवाखान्यात! हाताला धरून न्हेलं असतं!"

या गडबडीत तरंगानंद महाराज कधी जिना उतरले ते कुणाला कळलं नाही. त्यांची विभूतीची पिशवी तेवढी राहिली होती.

संध्याकाळी पुष्पाबाईंनी माझ्या घरी दोन घास भाकरी खाल्ली. जेवता जेवता म्हणाल्या, "पोरीची ब्याग भरायची राह्यली." सोमवारी सकाळी ज्योत्स्ना पुण्याच्या बसमधे बसली. पुस्तक छापून झालं. सरांच्या नोंदी त्यात नाहीत. त्या सगळ्या वेगळ्या छापून आदिनाथनं बांधून दिल्या आणि त्या आता फक्त पुष्पाबाईंकडे आहेत.

आता माझं म्हणणं ऐका, आणि बाई रागावलीय म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशी शे-दोनशे माणसं कामधंदा टाकून आली होती, कशासाठी, तर मेलेला माणूस काय म्हणतो ते ऐकायला. त्यातल्या एकानंही "हे छापलं कसं जातं?" एवढा साधा प्रश्न विचारला नाही. मीही सुरुवातीला विचारला नाही, मलाही काटा आलाच होता. कळत नाही ते दिसलं की भीती वाटणारच. पण भीती वाटली की हात जोडण्याआधी यंत्र उघडा, फाइल उघडा, जाणत्याला विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं, घरातलं कुणी जेवणानंतर छाती चोळत असेल आणि "काही नाही, पित्त झालंय" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याला आज डॉक्टरकडं न्या. एकोणीस जूनला कडूबा सर जिवंत होते, दोन खोल्या पलीकडं बायको जागी होती, आणि सिव्हिल हॉस्पिटल रिक्षानं दहा मिनिटांवर होतं.